चार फूट पाण्यातल्या आगबोटी: गंगा, ब्रह्मपुत्रा आणि इरावतीवरच्या स्टीमर कशा बांधल्या, कशा आणल्या, कशा संपल्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोलकात्याहून ढाका आणि आसामकडे जाणाऱ्या चाकाच्या स्टीमर स्कॉटलंडमध्ये बांधल्या जायच्या असं तुम्ही वाचलंत. मग उथळ नदीसाठी केलेली बोट एवढा समुद्र ओलांडून आली कशी? पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) सोडून चाकं कशासाठी? रेल्वे आल्यावरही या बोटी इतकी वर्षं कशा टिकल्या? आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्हाला अशा बोटीचं चालतं मॉडेल करायचंय, त्याची मापं कशी काढायची? माझी नोकरी यार्डाच्या ड्रॉइंग ऑफिसात आणि नंतर जुन्या बोटींच्या सर्व्हेत गेली, त्यामुळे उत्तर लोखंडाकडे जरा जास्त झुकेल. व्यापार आणि राजकारण जिथे टाळताच येत नाही तिथे येईलच.

आपल्याकडे स्टीमर म्हटलं की भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट आठवते. ती समुद्राची बोट. तिला लाटा कापायच्या असतात, म्हणून बूड खोल आणि नाळ उंच. कोकणातल्या बहुतेक बंदरांत ती आत येऊच शकत नसे. बाहेर नांगर टाकून उभी राही आणि माणसं पडावातून हेलकावे खात काठाला लागत. नदीची स्टीमर याच्या अगदी उलट वागते. ती नाळ सरळ काठाच्या चिखलात घुसवते, फळी टाकते, उतारू घेते, उलटी चाकं फिरवून सुटते आणि पुढच्या घाटाला लागते. तिला धक्का लागत नाही, पण बुडाखाली वाळू कुठे आहे याचा भरवसा नसतो. तिची सगळी रचना एका मापाभोवती फिरते. ते माप म्हणजे ड्राफ्ट: बोटीचं बूड पाण्यात किती खोल बसतं ते.

हिशोब करूनच दाखवतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कागदावरची एक बोट घेऊ: लांबी ६० मीटर, रुंदी ९ मीटर, ड्राफ्ट १.२ मीटर, म्हणजे साधारण चार फूट. बूड सपाट, कडा किंचित गोल, टोकं निमुळती. तेव्हा लांबी, रुंदी आणि ड्राफ्टच्या गुणाकाराचा ०.८५ भाग पाण्याखाली धरू. उत्तर येतं सुमारे ५५० घनमीटर. पाणी गोडं, म्हणून बोटीचं सगळं मिळून वजन ५५० टन. हल (बोटीचं मुख्य कवच), डेक, इंजिन, बॉयलर, बॉयलरमधलं पाणी, कोळसा, नांगर, साखळ्या, छप्पर, भटारखाना, माल आणि माणसं या ५५० टनांतच बसवायची. एवढ्या बोटीवर पाच टन चढवले की ती साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. हजार उतारू ट्रंका-बोचक्यांसह सरासरी ७० किलो धरले तर झाले ७० टन, म्हणजे १४ सेंटिमीटर. कोळसा ४० टन घेतला तर आणखी आठ. फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रह्मपुत्रेच्या एखाद्या वळणावर वाळूच्या दांड्यावरून जेमतेम साडेचार फूट पाणी वाहत असतं. तिथे हे आठ-दहा सेंटिमीटर म्हणजे पलीकडे जाणं की दोन दिवस रुतून बसणं, एवढा फरक.

म्हणजे वजन वाचवायचं. त्यासाठी प्लेट पातळ घ्यायची: पाव इंच, कुठे त्याहूनही कमी. पण प्लेट पातळ केली की दुसरं दुखणं सुरू होतं. हलची लांबी ६० मीटर आणि उंची जेमतेम अडीच मीटर, असा आकार मुळातच लवचीक. मध्यभागी बॉयलर आणि इंजिनाचं वजन एकवटलेलं, टोकं हलकी. त्यात मधला भाग वाळूवर चढला तर टोकं खाली लोंबतात आणि प्लेटा जोडणारे रिव्हेट (ठोकून बसवलेले खिळे) सैल होतात. अमेरिकनांनी मिसिसिपीवर यावर डोळ्यांना दिसणारा उपाय केला: डेकच्या वर खांब उभे करून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत लोखंडी सळ्या ताणून बसवल्या. ब्रिटिश यार्डांनी बहुतेक वेळा हलच्या आतच लांब उभे गर्डर टाकले. वरचे मजले मात्र दोघांनीही हलके ठेवले. खाली लोखंड, वर सागवान, कॅनव्हास आणि पत्रा. नदीच्या स्टीमरचे जुने फोटो पाहिलेत तर वरचा भाग एखाद्या हवेशीर बंगल्यासारखा दिसतो. तो थाट साहेबासाठी होताच, पण वजनासाठीही होता.

आता चाकांचं. पंख्याला नीट काम करायचं तर तो पूर्ण बुडालेला हवा. चार फूट ड्राफ्टच्या बोटीखाली मावेल असा पंखा लहान व्यासाचा होणार, आणि लहान पंख्यातून ताकद काढायची तर तो जोरात फिरवावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली वाफेची इंजिनं संथ. चाकाला हे संथपण मानवतं: मिनिटाला तीस-चाळीस फेरे, इंजिनाचा दांडा थेट चाकाच्या आसाला जोडलेला, मध्ये गिअर नाही. चाक पृष्ठभागावरचंच पाणी ढकलतं, त्याला खोली लागत नाही. फळी लाकडाची. वाहत आलेल्या ओंडक्यावर आपटून तुटली तर वाळूच्या काठाला बोट लावून खलाशीच नवी बसवत. त्याला गोदीची गरज नव्हती.

साध्या चाकात एक खोट असते. फळी पाण्यात शिरताना सपाट आपटते आणि बाहेर पडताना पाणी वर उचलते. दोन्ही वेळा ताकद फुकट जाते, बोट थरथरते ती वेगळीच. यावर फिरत्या फळ्यांचं चाक निघालं. प्रत्येक फळी बिजागरीवर बसवलेली असते, आणि आसापासून जरा बाजूला सरकवलेल्या दुसऱ्या केंद्राला ती दांड्यांनी जोडलेली असते. चाक फिरलं की दांडे फळीला असं वळवतात की ती उभीच पाण्यात शिरते आणि उभीच बाहेर येते. मॉडेलमध्ये हे जमलं तर जरूर करा, बघणाऱ्याची नजर तिथेच खिळते. पण प्रत्येक बिजागरीला बुश (आत बसवलेली नळी) लागतं आणि वाळूमिश्रित पाण्यात बुश झिजतं, म्हणून ही चाकं सांभाळायला कटकटीची.

चाकं दोन बाजूंना की मागे एकच? रुंद नदीत आणि उतारूंच्या मोठ्या बोटींना बाजूची चाकं. अरुंद, वळणावळणाच्या नदीत मागचं एक चाक बरं: बोटीची रुंदी कमी होते आणि चाक हलच्या आडोशाला राहिल्यामुळे काठावरच्या मुळाओंडक्यांपासून वाचतं. ब्रह्मदेशात इरावतीवर बाजूच्या चाकांच्या प्रचंड बोटी चालत आणि तिच्या चिंद्विन या उपनदीवर मागच्या चाकाच्या, त्याचं कारण हेच. बाजूच्या चाकांचा एक दोष सारंगांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, फार छळायचा. घाट आला की सगळे उतारू एका कठड्याला गोळा होतात, बोट कलते, एक चाक खोल बुडतं आणि दुसरं हवेत फिरतं. नेमकी घाटाला लागतानाच बोट तिरकी पळते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थॉर्निक्रॉफ्ट आणि यारो या ब्रिटिश बोट बांधणाऱ्यांनी पंखा बोगद्यात बसवण्याची युक्ती रुळवली. हलच्या मागच्या भागात वर खोलगट बोगदा ठेवायचा. पंखा फिरू लागला की आतली हवा निघून जाते, पाणी वर चढतं आणि पंखा पूर्ण बुडतो. तिथून चाकांची गरज कमी होत गेली.

हे सगळं एका दिवसात सुचलं नाही. भारतात वाफेच्या बोटींची सुरुवात लाकडी हलने झाली. 'डायना' १८२३ मध्ये कोलकात्याजवळ खिदिरपूरला पाण्यात उतरली आणि पुढच्याच वर्षी पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात इरावतीवर गेली. गंगेत वर जायचं तर लाकूड जड पडायचं. त्यावर तोडगा निघाला तो लॉर्ड विल्यम बेंटिंक गव्हर्नर जनरल असताना. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्टीमरचं काम कॅप्टन जेम्स हेन्री जॉन्स्टन पाहत होते. लंडनच्या मॉडस्ले कारखान्यात लोखंडी बोट तयार झाली, सुटी करून कोलकात्याला आली, तिथे जोडली गेली आणि १८३४ मध्ये गंगेवर चालू लागली. नाव अर्थातच 'लॉर्ड विल्यम बेंटिंक'.

या व्यवस्थेतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे उतारू स्टीमरवर बसतच नसत. स्टीमरवर इंजिन, बॉयलर आणि कोळसा. माणसं, त्यांच्या केबिनी आणि किमती माल मागून ओढल्या जाणाऱ्या दुसऱ्या बोटीत. तिला फ्लॅट म्हणत. वरचा हिशोब आठवा. सगळं एका हलमध्ये कोंबलं असतं तर ड्राफ्ट वाढला असता. दोन हल केले की वजन वाटलं गेलं आणि दोन्ही उथळ राहिले. शिवाय साहेबांना बॉयलरची धग नको आणि स्फोटाची धास्तीही नको. पुढे ब्रह्मपुत्रा आणि इरावतीवर हे फ्लॅट मागे ओढण्याऐवजी स्टीमरच्या दोन्ही बाजूंना करकचून बांधायची पद्धत पडली, आणि ती शेवटपर्यंत टिकली.

मुंबईचा यात वाटा समुद्राच्या बाजूने. वाडियांच्या गोदीत १८२९ मध्ये 'ह्यू लिंडसे' बांधली गेली आणि २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुएझला निघाली. तिच्याही बाबतीत घोडं अडलं ते वजनावर: एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा तिच्या बंकरांत मावेना, म्हणून केबिनी आणि डेकसुद्धा कोळशाने भरले, आणि बोट ठरल्यापेक्षा कितीतरी खोल बसली. आणखी एक मासला डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा. आफ्रिकेतल्या न्यासा सरोवरासाठी सुट्या भागांत आणलेली आपली 'लेडी न्यासा' त्यांना तिथपर्यंत पोहोचवता आली नाही. मग १८६४ मध्ये मूठभर खलाशांना घेऊन ती लहानशी बोट त्यांनी झांजिबारहून स्वतःच हाकत, ४५ दिवसांत अरबी समुद्र ओलांडून मुंबईला आणली आणि इथेच विकली. पावसाळा तोंडावर होता. अशी बोट समुद्रात नेऊ नये हे कुठल्याही सारंगाने त्यांना सांगितलं असतं.

इथून तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. सपाट बुडाची, अडीच मीटर उंचीची बोट बिस्केच्या उपसागरात घालणं म्हणजे ती मोडायला पाठवणं. म्हणून बोट बांधून सुटी करायची आणि पेट्यांत भरून पाठवायची. या कामात क्लाइड नदीवरच्या डंबार्टन गावचं विल्यम डेनी अँड ब्रदर्स हे नाव सर्वांत मोठं. पद्धत अशी. आधी मोल्ड लॉफ्टच्या, म्हणजे आखणीच्या मोठ्या खोलीच्या, लाकडी जमिनीवर बोटीच्या रेषा पूर्ण आकारात आखायच्या. त्यावरून साचे करायचे, साच्यांवरून फ्रेम वाकवायच्या, प्लेटा कापायच्या, भोकं पाडायची. मग स्लिपवेवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, सगळी बोट उभी करायची, पण रिव्हेटऐवजी बोल्ट घालून. भोकावर भोक बसतंय ना, प्लेटची कड कडेला भिडतेय ना, हे तिथेच तपासायचं, कारण हजारो मैलांवर चूक सापडली तर बदली प्लेट यायला महिने जाणार. मग प्रत्येक तुकड्यावर अक्षर आणि आकडा घालायचा: डावी बाजू, उजवी बाजू, नाळेकडून कितवी फ्रेम, खालून कितवी रांग. त्यानंतर बोल्ट काढून सगळं सुटं करायचं आणि जहाजात चढवायचं.

कोलकात्याला किंवा रंगूनसमोरच्या डाला यार्डात तेच तुकडे त्याच क्रमाने उभे करून आता रिव्हेट मारायचे. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करतो, एक तो भोकात घालतो, एक आतून जड हातोडा टेकवून धरतो आणि दोघे बाहेरून आळीपाळीने ठोके घालून डोकं बसवतात. थंड होताना रिव्हेट आकसतो आणि दोन प्लेटा आवळल्या जातात. सांध्याचं पाणी थांबतं ते या आवळण्याने. जुन्या बोटीचा सर्व्हे करताना आम्ही रिव्हेटच्या डोक्याच्या एका बाजूला बोट टेकवतो आणि दुसऱ्या बाजूने लहान हातोडीने टकटक करतो. घट्ट रिव्हेट खणखणतो. सैल असेल तर आवाज बद्द येतो आणि बोटाखाली बारीकशी हालचाल जाणवते. आता जाडी मोजायला अल्ट्रासॉनिकचं यंत्र असतं, तरी रिव्हेटसाठी मी अजूनही हातोडीवरच जास्त विश्वास ठेवतो.

ही सुटी करून नेण्याची पद्धत फक्त वसाहतींसाठी नव्हती. डेनींनीच १८९९ मध्ये 'सर वॉल्टर स्कॉट' ही स्टीमर यार्डात जोडून, सुटी करून, होड्यांतून आणि घोडागाड्यांतून स्कॉटलंडच्याच लॉक कॅट्रिन तळ्यावर पोहोचवली. याच डेनींनी १८८३ मध्ये आपल्या यार्डात सुमारे तीनशे फूट लांबीची टाकी बांधली आणि मेणाची मॉडेलं ओढून बोटींचा रोध मोजायला सुरुवात केली. एखाद्या खासगी यार्डाची अशी ती पहिली टाकी. यार्ड १९६३ मध्ये बंद झालं, टाकी मात्र आज संग्रहालयाचा भाग आहे.

बोट उथळ केली तरी नदी स्वस्थ बसत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. मागच्या वर्षी जिथे वीस फूट पाणी होतं तिथे यंदा चर, म्हणजे वाळूचं बेट, उभा असतो आणि त्यावर कोणी कलिंगडं लावलेली असतात. म्हणून स्टीमरच्या नाळेवर दोन्ही बाजूंना खलाशी रंगवलेला बांबू घेऊन उभे राहत, सतत पाण्यात टोचत आणि खोली ओरडून वर सारंगाला कळवत. नदीलाच कामाला लावायची एक युक्तीही होती: बंडाल. उथळ दांड्यावर प्रवाहाला तिरके असे बांबू रोवायचे आणि वरच्या भागात चटया बांधायच्या, खाली मोकळं ठेवायचं. चटईमुळे वरचं पाणी वळून मधल्या वाटेत लोटलं जातं. तिथला वेग वाढतो आणि वाळू खरवडली जाते. चटईच्या खालून जाणारी वाळू पलीकडच्या संथ पाण्यात साठते. काही दिवसांत वाट फूट-दीड फूट खोल होते. ड्रेजर नाही, डिझेल नाही, बांबू आणि चटई. आजही बांगलादेशात आणि आसामात बंडाल घालतात, आणि माझ्या मते नदीच्या इंजिनिअरिंगमधली ही सर्वांत कमी कौतुक झालेली गोष्ट आहे.

आता रेल्वे. पाठ्यपुस्तकी उत्तर असं की रेल्वे आली आणि स्टीमर संपल्या. गंगेच्या वरच्या पट्ट्यात ते खरं आहे. १८६० च्या दशकात कोलकाता-दिल्ली लोहमार्ग झाला आणि अलाहाबादच्या स्टीमरना उतारू उरले नाहीत. त्याआधीच १८५४ मध्ये गंगेचा मोठा कालवा सुरू होऊन हरिद्वारपासून पाणी शेतीकडे वळायला लागलं होतं. पण पूर्वेकडे रेल्वेनेच स्टीमरना जगवलं. लोहमार्ग १८७१ मध्ये पद्मा (पूर्व बंगालात गंगेचं नाव) आणि ब्रह्मपुत्रेच्या संगमाजवळ ग्वालंदोपर्यंत पोहोचला आणि तिथे थांबला, कारण पुढे पूल बांधण्याजोगी नदीच नव्हती. कोलकात्याच्या सियालदहून रात्रीची मेल ग्वालंदोला, तिथून स्टीमर नारायणगंजला, तिथून पुन्हा रेल्वेने ढाका. दुसऱ्या स्टीमर चांदपूरला, आणखी दुसऱ्या आसामात. नदी काठ खाई तसा ग्वालंदोचा घाटही सरकत राही, रुळांसकट. सारंग, सुकाणी (सुकाणू धरणारे) आणि खलाशी बहुतेक चितगाव, नोआखाली, सिलहटचे. त्यांच्या भटारखान्यातला मोहरीचं तेल, कांदा, लसूण आणि सुक्या मिरच्यांचा कोंबडीचा रस्सा 'ग्वालंदो चिकन' या नावाने बंगालमध्ये अजून मागितला जातो.

धंदा दोन कंपन्यांच्या हातात होता: १८४४ ची इंडिया जनरल आणि १८६२ ची रिव्हर्स स्टीम नॅव्हिगेशन. १८८९ मध्ये त्यांनी आपसात करार करून स्पर्धाच मिटवली. आसामचा चहा खाली, चहाच्या मळ्यांसाठी मजूर वर. या मजुरांच्या प्रवासाबद्दल फार गोड बोलता येत नाही. १९२१ च्या मे महिन्यात मळे सोडून निघालेले हजारो मजूर चांदपूरच्या घाटावर अडवले गेले, त्यांच्यावर गुरखा शिपाई घातले गेले आणि त्यानंतर रेल्वे आणि स्टीमरच्या कामगारांनी संप केला.

देशी माणसांनी हात घातला नाही असं नाही. इंडिया जनरलच्या स्थापनेत द्वारकानाथ टागोरांच्या कार-टागोर कंपनीचाच पुढाकार होता. त्यांचे नातू ज्योतिरिंद्रनाथ, म्हणजे टिळकांचा गीतेवरचा ग्रंथ बंगालीत नेणारे तेच, यांनी लिलावात जहाजाचा नुसता सांगाडा घेतला, त्यावर इंजिन चढवून 'सरोजिनी' केली आणि १८८४ मध्ये खुलना-बारिसाल मार्गावर ब्रिटिश कंपनीसमोर उभे राहिले. भाडं उतरवता उतरवता फुकट न्यायची वेळ आली, वर उतारूंना मिठाई. बारिसालची पोरं घाटावर गाणी म्हणत उतारू वळवून आणत. उतारू भरपूर मिळाले, पैसे मिळाले नाहीत. शेवटी एक स्टीमर हावड्याच्या पुलावर आदळून बुडाली आणि सगळं आवरावं लागलं. मोठ्या कंपनीकडे तोटा सोसायला इतर मार्गांचा नफा होता, यांच्याकडे घरचा पैसा. भाड्याच्या लढाईत याहून वेगळं घडत नाही.

सर्वांत मोठा ताफा मात्र इरावतीवर. इरावदी फ्लोटिला कंपनी १८६५ मध्ये निघाली आणि तिच्या भागधारकांत डेनी होते, म्हणजे बोट बांधणाराच बोट चालवणाऱ्याचा भागीदार. भरात असताना तिच्याकडे सहाशेहून जास्त लहानमोठ्या बोटी होत्या आणि मोठ्या स्टीमरची लांबी तीनशे फुटांच्या पुढे. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेवर फौज नेली ती याच कंपनीच्या स्टीमर आणि फ्लॅटमधून, आणि २९ नोव्हेंबरला थिबा राजा आणि राणी सुपयालत यांना खाली आणलं तेही कंपनीच्याच 'थूरिया' या स्टीमरने. तिथून रंगून, मद्रास आणि १८८६ मध्ये रत्नागिरी. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहताना खाली दिसणारी खाडी सगळ्यांच्या लक्षात राहते. त्यांच्या प्रवासाची सुरुवात नदीच्या स्टीमरवर झाली हे फारसं कोणी सांगत नाही. १९४२ मध्ये जपानी फौजा वर सरकल्या तेव्हा कंपनीच्या माणसांनी बोटी शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच बुडवल्या. हलच्या बुडाला भोकं पाडून, मंडाले आणि त्याच्या वरच्या घाटांवर, रांगेने. तो ताफा पुन्हा त्या आकाराला आला नाही.

बंगालकडे शेवट सावकाश झाला. १९१५ मध्ये पद्मेवर सारा इथे हार्डिंज पूल झाला आणि उत्तर बंगालचे उतारू गेले. फाळणीनंतरही कोलकात्याहून आसामला जाणाऱ्या स्टीमर पूर्व पाकिस्तानातून ये-जा करत होत्या, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. १९६५ च्या युद्धात ती वाट एका झटक्यात बंद झाली आणि बऱ्याच बोटी पलीकडे अडकल्या. १९६७ मध्ये सरकारला रिव्हर्स कंपनीचं काम केंद्रीय अंतर्देशीय जलवाहतूक महामंडळाकडे घ्यावं लागलं. म्हणून रेल्वेने मारलं या उत्तरावर माझा भरवसा नाही. पूल आणि सीमा यांनी मारलं; आणि वाहतूक थांबली की बंडाल घालणारी माणसंही जातात, वाट बुजते आणि परत सुरू करायचं म्हटलं तरी पाणीच नसतं. कंपन्यांचं कोलकात्यातल्या गार्डन रीचचं दुरुस्ती यार्ड मात्र १९६० मध्ये सरकारने घेतलं, आपल्या माझगाव डॉकबरोबर एकाच वर्षी, आणि आज तिथे युद्धनौका बांधतात.

सीमेपलीकडे 'ऑस्ट्रिच', 'माहसूद', 'लेपचा' अशा दुसऱ्या महायुद्धाआधीच्या चाकाच्या बोटी 'रॉकेट' नावाने ढाका-बारिसाल-खुलना मार्गावर एकविसाव्या शतकातही धावत होत्या. बॉयलर काढून डिझेल बसवलं, चाकं तीच ठेवली. २०२२ मध्ये पद्मा पूल झाला आणि त्यांचीही नियमित फेरी थांबली. एवढा जुना हल टिकला कसा, असं मला नेहमी विचारतात. गोडं पाणी हे मोठं कारण. समुद्रासारखं लोखंड ते खात नाही. सपाट बूड वाळूवर घासून घासून पातळ होतं, पण चकचकीत राहतं. नदीच्या स्टीमरची खरी कुजणारी जागा बॉयलरखालची. तिथे राख आणि पाणी मिळून प्लेट आतून खातात, आणि बॉयलर हलवल्याशिवाय ते दिसत नाही. डिझेल बसवताना बॉयलर निघाले तेव्हा ती जागा साफ करायची संधी मिळाली, हा त्या बोटींचा अनपेक्षित फायदा.

राहिलं तुमचं मॉडेल. ४८ पटीने लहान करा. लांबी १.२५ मीटर, रुंदी पावणेएकोणीस सेंटिमीटर, ड्राफ्ट अडीच सेंटिमीटर. वजन मात्र ४८ च्या घनाने भागायचं: ५५० टनांचे होतात जवळपास पाच किलो, बॅटरी आणि मोटरसकट. वेग आणि चाकाचे फेरे ४८ च्या वर्गमुळाने बदलतात, म्हणजे सुमारे ७ ने. खरी बोट ताशी १८ किलोमीटर धरली तर मॉडेल सेकंदाला साधारण ७० सेंटिमीटर जायला हवं. चाकाचे मिनिटाला ३६ फेरे असतील तर मॉडेलचे २५० ठेवा, तरच पाणी खऱ्यासारखं उडेल. हल पत्र्याचा करा, वरचे मजले बाल्सा लाकडाचे, बॅटरी अगदी बुडाला. दर २०० ग्रॅमला मॉडेल एक मिलिमीटर खाली बसेल, तेव्हा रंगाचे थरसुद्धा मोजून द्या. मग हजार उतारूंच्या बदल्यात सव्वासहाशे ग्रॅम नट-बोल्ट वरच्या डेकवर पसरा, बोट चालू करा आणि ते सगळे एका कठड्याकडे सरकवा. कोणतं चाक पाण्याबाहेर येतं आणि बोट कुठल्या बाजूला पळते ते परीक्षकांना तिथेच दाखवता येईल.